टेंब्यांचा राजीनामा

श्रीनिवास टेंबे बनारसला आले ते चोवीस वर्षांचे असताना, आणि उतरल्या दिवसापासून सांगत आले की आपण इथे फार दिवस राहणार नाही. डिझेल इंजिनांच्या कारखान्यात नकाशे काढायची नोकरी होती. तेव्हा कारखान्याच्या भिंतीसुद्धा पुऱ्या उभ्या राहिलेल्या नव्हत्या. पुढे भिंती झाल्या, इंजिनं शिट्ट्या देत बाहेर पडू लागली, टेंब्यांचं लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकून पुण्याला नोकरीला लागला, टेंबे स्वतः निवृत्त झाले आणि रेल्वेचं क्वार्टर सोडून रामघाटाच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आले. तरी कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "आम्ही मूळचे कराडचे." रामघाटावरची मराठी घरं पेशव्यांच्या काळात आलेली. त्यांना या 'मूळचे'ची फार गंमत वाटे. विष्णुशास्त्री तर म्हणत, "अहो टेंबे, मूळ काढायला बसलं तर गंगासुद्धा इथली नाही."

टेंब्यांच्या हिंदीविषयी न बोललेलंच बरं. पस्तीस वर्षांत त्या भाषेने त्यांना घरात घेतलं खरं, पण ओसरीवरच बसवून ठेवलं. 'हमारा चाय अभी तक आया नहीं' हे तर रोजचंच. मुलगा ऋतुराज लहान असताना मास्तरांनी त्याला अंगठे धरून उभं केलं, तेव्हा हे तावातावाने शाळेत गेले आणि म्हणाले, "हमारे लड़के को शिक्षा मत दीजिए!" मास्तर बिचारे गोंधळले. शिक्षण द्यायचं नाही, तर मग शाळेत पाठवता कशाला, असं त्यांनी विचारलं, आणि टेंबे आणखीच भडकले.

त्यांची बायको कालिंदीबाई. रामघाटच्याच वैदिकाची मुलगी. कारखान्यातला हा एकटा पोरगा रविवारी वरणभाताच्या आशेने त्यांच्या घरी येई, आणि वरणभात वाढता वाढता बापाने मुलगीही देऊन टाकली. कालिंदीबाईंचं मराठी असं, की कराडच्या सासूबाई पहिल्या भेटीत नुसत्या बघत राहिल्या. "सासूबाई, जरा दरवाजा भिडवून घ्या, नाहीतर तबियत बिघडेल," असं सून म्हणाली. सासूबाईंनी मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गोड आहे रे पोर, पण बोलते काय?"

नवऱ्याच्या कराडच्या गप्पा कालिंदीबाईंनी लग्नाआधीपासून, पस्तीस वर्षं ऐकल्या. कृष्णेचं पाणी, तिथला गूळ, तिथली हवा. एकदाही त्या म्हणाल्या नाहीत की बस झालं.

सासरे गेले तेव्हा त्यांच्यामागे एक जागा रिकामी झाली, आणि ती टेंब्यांच्या गळ्यात पडली. ती जागा बेलबागेच्या विश्वस्ताची. अस्सीच्या पलीकडे, नगव्याच्या बाजूला अडीच बिघे जमीन, तीत जुनी बेलाची झाडं, एक विहीर आणि एक पोखरा, म्हणजे पायऱ्यांचं छोटं तळं. कधीकाळी गंगाबाई नावाच्या एका निपुत्रिक मराठी बाईने ती देवाच्या नावाने सोडली होती. तिची अट अशी की इथला बेल विकायचा नाही, झाड तोडायचं नाही, आणि ज्याला महादेवाला वाहायचा असेल त्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, स्वतःच्या हाताने खुडू द्यायचा. ही अट सांभाळायला पाच विश्वस्त. पगार नाही, मान नाही, होडीचं भाडंसुद्धा पदरचं. महिन्यातून एकदा प्रदोषाला संध्याकाळी विष्णुशास्त्र्यांकडे सभा भरे. सभा कसली, आधी अर्धा तास शास्त्र्यांच्या गुडघ्यांची चौकशी, मग भिंत कुठे पडली, झाडाला वाळवी कुठे लागली याची चर्चा, आणि शेवटी शरदिनीबाईंचं बोलणं. शरदिनीबाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, मंडळाच्या चिटणीस. त्यांच्यापुढे शास्त्रीसुद्धा सरळ बसत.

आता बेलाचं असं आहे की सोमवारी तो तोडत नाहीत. सोमवारच्या पूजेचा बेल रविवारीच आणायचा. म्हणून रविवारी संध्याकाळी बागेत झुंबड उडे, आणि घाईत लोक फांद्याच मोडत. तिथे कोणीतरी उभं राहायला हवं, ती पाळी टेंब्यांनी स्वतःहून मागून घेतली. हातात छत्री घेऊन ते झाडांमधून फिरत आणि ओरडत, "डाल मत तोड़ो! पान लो, पान लो!" त्यांना म्हणायचं होतं पत्ते घ्या. पण बनारसमध्ये 'पान लो' म्हटल्यावर कोण बेलाकडे बघणार? लोक हसून म्हणत, "लाइए बाबूजी, खिलाइए!" वर्षभराने सगळी नगव्याची पोरंबाळं त्यांना 'पानवाले बाबूजी' म्हणू लागली. टेंब्यांनी वरवर राग दाखवला, पण त्यांना ते नाव मनातून आवडलं होतं.

शहर मात्र वाढत होतं. बागेच्या तिन्ही बाजूंना घरं उठली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. शेजारच्या प्लॉटच्या बनवारीसेठने एक दिवस दावा ठोकला की पोखऱ्याकडची अर्धी बाग त्याच्या आजोबांची. दावा नुसता कागदावर असता तर एक वेळ चाललं असतं. त्याने एका भर दुपारी पोखरा बुजवायला राडारोड्याने भरलेला ट्रॅक्टर धाडला. बातमी कळली तशी मंडळाची म्हातारी फौज, म्हणजे हाताशी होते ते तिघं, होडीने धावली. शरदिनीबाईंनी विहिरीजवळची खुर्ची ओढत आणून ट्रॅक्टरच्या तोंडापुढे मांडली आणि त्या तीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. टेंब्यांनी त्यांच्यावर छत्री धरली. विष्णुशास्त्री पोखऱ्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मोठ्याने मंत्र म्हणायला सुरुवात केली. ट्रॅक्टरवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली. शास्त्री काही थांबेनात. शेवटी तो कपाळाला हात लावून म्हणाला, "महाराज पूजा पर हैं, हमसे ना होई," आणि ट्रॅक्टर मागे वळवून निघून गेला. परतताना होडीत तिघेही पोरांसारखे हसत होते. टेंब्यांना वाटलं, इतकं मोकळं आपण कित्येक वर्षांत हसलो नाही.

कज्जा चालू झाला. दिवाणी दावा म्हणजे आजोबांनी लावावा आणि नातवाने निकाल ऐकावा. बनवारीसेठला तेवढा धीर नव्हता. तो अधूनमधून निरोप पाठवी, पोखऱ्याकडची बाजू द्या, उरलेल्या बागेला पक्की भिंत मी घालून देतो. मंडळ नको म्हणे. न्यासाची शर्त अशी होती की जमिनीचं काहीही करायचं तर पाचही विश्वस्तांची संमती हवी. एक जरी फुटला तरी सेठला पाचर मारायला जागा झाली असती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात पुण्याहून ऋतुराजचा फोन आला. त्याने फ्लॅट घेतला होता. सूनबाईंना, सईला, दिवस गेले होते. "बाबा, आता बास. तुम्ही आणि आई इकडेच या कायमचे. तुम्हाला तेच हवं होतं ना?" टेंब्यांना आकाश ठेंगणं झालं. पुणे म्हणजे कराड नव्हे, पण कराड चार तासांवर. घरी येऊन त्यांनी कालिंदीबाईंना सांगितलं, "फाल्गुनात निघायचं." कालिंदीबाई तांदूळ निवडत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या, आणि तांदूळ निवडत राहिल्या.

मंडळाला मात्र कसं सांगायचं? विष्णुशास्त्र्यांच्या तोंडावर 'मी चाललो' म्हणायची टेंब्यांची छाती होईना. दोन प्रदोष गेले, दोन्ही वेळा गुडघ्यांची चौकशी करून ते परत आले. मग त्यांनी पळवाट काढली. तारखेला कचहरीत गेले असताना त्यांनी मंडळाच्या वकिलांच्या, तिवारीजींच्या मुन्शीला गाठलं. म्हटलं, वकीलसाहेबांकडून परस्पर कळलं की आपला जीव सुटेल. म्हणाले, "तिवारीजी से कहिए, हमने राजीनामा देने का तय किया है. अब हमसे होता नहीं. उमर हो गयी, लड़का बुला रहा है."

मुन्शीने त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघितलं. टेंब्यांना वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीबाई घाटावर गेल्या होत्या आणि दारात बनवारीसेठ उभा राहिला. हातात मिठाईचा डबा. टेंबे चकित झाले. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलो, तो निरोप द्यायला आला! माणूस वरून कसाही दिसो, आत कुठेतरी ओलावा असतो, असं त्यांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बड़ी समझदारी का काम किया आपने, टेंबेजी," सेठ म्हणाला.

"अजी, कभी ना कभी करना ही पड़ता है."

"बाकी लोग भी मान जाएँगे?"

"मानेंगे कैसे नहीं? हमारी मर्ज़ी है. कोई ज़बरदस्ती थोड़ी कर सकता है!"

"तो आप लिखकर दे देंगे?"

"राजीनामा लिखकर ही तो देना पड़ता है, सेठजी," टेंबे म्हणाले. एवढा मोठा व्यापारी आणि याला इतकंही कसं माहीत नाही, याचं त्यांना नवल वाटलं. सेठ वाकून त्यांच्या पाया पडला. टेंब्यांनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला.

कालिंदीबाई आल्या आणि त्यांनी डबा पाहिला. "कोण येऊन गेलं?"

"बनवारीसेठ. मी राजीनामा देतोय हे त्यांना कळलं. भला माणूस गं."

कालिंदीबाईंच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. "अहो! तुम्ही त्यांना राजीनामा म्हणालात? हिंदीत?"

"मग? राजीनाम्याला हिंदीत काय वेगळं म्हणतात?"

"इस्तीफा म्हणतात! इथे राजीनामा म्हणजे समझौता. दोन्ही पक्ष राजी असल्याचा कागद. मी राजी आहे, असं लिहून देणं. तुम्ही त्यांना जमीन द्यायला कबूल झालात!"

टेंबे मटकन खाली बसले. आता कोणी म्हणेल, पस्तीस वर्षं राहून माणसाला एवढं कळू नये? पण सरकारी कारखान्यात इस्तीफा तरी कोणी देतो का? चिकटलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षीच सुटायचा. त्या शब्दाशी टेंब्यांची कधी गाठच पडली नव्हती. आणि कचहरीत तिवारीजी समझौत्याला नेहमी सुलह म्हणत.

ते तसेच अनवाणी विष्णुशास्त्र्यांकडे धावले. बातमी त्यांच्याआधी पोचलेली होती. तिवारीजी नुकतेच येऊन गेले होते; त्यांच्या मुन्शीने कचहरीभर बोभाटा केला होता आणि तो सेठच्या कानी गेला होता. इथे शरदिनीबाई भिंतीला टेकून ताठ बसल्या होत्या. शास्त्री रागावले असते तर टेंब्यांना सोसलं असतं. शास्त्री हळूच म्हणाले, "दमला होतात तर मला सांगायचं, टेंबे. तुमच्या सासऱ्यांनी मरताना मला तुमचंच नाव सांगितलं होतं."

टेंब्यांनी धाप लागलेल्या आवाजात सगळं सांगितलं. मुन्शी, मिठाई, पाया पडणं, दिलेला आशीर्वाद. ऐकता ऐकता शास्त्र्यांचं पोट हलायला लागलं. मग त्यांना आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले, "आशीर्वादही दिलात? कुठला दिलात? यशस्वी भव?" शरदिनीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचेही खांदे गदगदत होते.

हसू ओसरलं, तसा मूळ प्रश्न उरला. "पण म्हणजे तुम्ही खरंच सोडून चाललात?" शास्त्र्यांनी विचारलं. टेंब्यांनी मान खाली घातली.

शरदिनीबाई म्हणाल्या, "आता जाता येणार नाही. सेठ आजच कोर्टात अर्ज टाकतोय, की एक विश्वस्त राजी आहे. पुढच्या तारखेला मुन्सिफ आपल्याला विचारणार. तुम्ही आपल्या अर्थाचा राजीनामा दिलात, तर सेठ म्हणेल, त्याच्या अर्थाचा दिलात म्हणून आम्हीच तुम्हाला काढलं. बाग गेलीच समजा. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला राहावं लागेल, टेंबे. कधी लागेल ते विचारू नका."

इतकी वर्षं जिथे पोचायची आस धरली, ते दाराशी आलं होतं, आणि स्वतःच्या जिभेने त्याला कडी घातली होती. टेंबे त्या रविवारी बागेत गेले ते मनात धुसफुसतच. निघणं लांबलं, हे कालिंदीबाईंना सांगायचा त्यांना अजून धीर झाला नव्हता. लोक आले, बेल खुडू लागले. टेंबे ओरडले नाहीत. थोड्या वेळाने एक म्हातारी पदरात पानं घेऊन जवळ आली. "का बाबूजी, आज ना चिल्लइबा? तबियत ठीक बा न?" टेंब्यांना एकदम रडूच आलं. कराडात आपल्याला आता कोण ओळखतं, हा विचार त्यांनी आजवर मनाला शिवू दिला नव्हता. तिथली आई गेली, मित्र पांगले. आपण न ओरडल्याचं जिला चुकल्यासारखं वाटलं, ती बाई इथे नगव्यात होती.

तारखेला कोर्टात गर्दी होती. बनवारीसेठ पहिल्या बाकावर बसून टेंब्यांकडे बघून हसला. मुन्सिफसाहेबांनी विचारलं, "आप विश्वस्त हैं? आपने राज़ीनामे की बात कही थी?"

"कही थी, साहब."

सेठचा वकील उठून उभाच राहिला.

"पर वो हमारे मराठी का राजीनामा था," टेंबे म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "हमारे राजीनामे में आदमी जाता है, साहब. आपके राजीनामे में ज़मीन जाती है. हम जाने को तैयार था, ज़मीन देने को नहीं. हम राजी नहीं है. एक पान के लिए भी राजी नहीं है."

कोर्ट हसलं. मुन्सिफसाहेबांनीसुद्धा खाली मान घालून ओठ दाबले. बाकीच्या चौघांनीही 'राजी नाही' सांगितलं आणि सेठचा अर्ज फेटाळला गेला. दावा अर्थात तसाच राहिला. बाग निदान आजच्यापुरती वाचली. बाहेर आल्यावर विष्णुशास्त्र्यांनी भर कचहरीत टेंब्यांना मिठी मारली. त्या मिठीत कापराचा वास होता.

सगळे होडीने गेले. टेंबे मात्र म्हणाले, मी चालत येतो. घाटाघाटाने ते निघाले आणि वाटेत एका पायरीवर बसले. मनातून एक शब्द जाईना. राजी. एका जमिनीसाठी पाच माणसांना कोर्टात उभं करून विचारतात, बाबा रे, तू राजी आहेस का? आणि आपण? जी बाई या घाटांवर चालायला शिकली, जिच्या बापाची राख या पाण्यात आहे, तिला आपण नुसतं सांगितलं, फाल्गुनात निघायचं. ती बरं म्हणाली. बरं म्हणजे राजी नव्हे, एवढं तर मराठीतही कळतं.

घरी आले तेव्हा कालिंदीबाई स्वयंपाकघरात होत्या. कोनाड्यातल्या बरण्या गेलेल्या होत्या. लोणच्याच्या दोन शेजारी दिलेल्या, जातं भावजयीकडे पोचवलेलं. टेंब्यांनी आजवर ते पाहिलंच नव्हतं. आठ दिवस ती घर असं गुपचूप वाटत सुटली होती.

"काय झालं कोर्टात?"

"ते सांगतो. आधी तू सांग. पुण्याला जायला तू राजी आहेस का?"

कालिंदीबाई थांबल्या. हात पुसले. पुन्हा पुसले. मग त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला. "नाही," त्या म्हणाल्या. "मी राजी नाही. बिल्कुल राजी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का? आणि इतके खूश होता... पस्तीस वर्षं बघतेय मी, तुमचा जीव तिकडे. इथे तुम्हाला मीच अडकवलं, असं वाटायचं मला. आता तरी तुमच्या मनासारखं होऊ दे, म्हटलं." आणि त्या चुलीकडे तोंड करून रडल्या. टेंबे जवळ गेले.  लग्नापासून आजवर ही बाई त्यांना नाही म्हणाली नव्हती, आणि आज म्हणाली तर त्यांना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. "रडू नकोस," ते म्हणाले. "चल, चपला घाल. ऋतुराजला फोन करू."

गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान होतं. काचेच्या खोपटात दोघं दाटीवाटीने उभी राहिली. ऋतुराज लाइनवर आला तसे टेंबे घाईघाईने म्हणाले, बाळंतपणाला आम्ही दोघं येतो, सईला सांग काळजी करू नको, बाळाला न्हाऊमाखू घालून दोन महिन्यांनी इकडे येतो.

"इकडे म्हणजे?" ऋतुराजला कळेना. "बाबा, तुम्ही तर ट्रस्टचा राजीनामा देणार होतात ना? दिला नाहीत?"

टेंब्यांनी बाजूला पाहिलं. कालिंदीबाई रिसिव्हरला कान लावून उभ्या होत्या, डोळे अजून लाल.

"दिला की," ते म्हणाले. "पण तो बनारसचा राजीनामा. तुझ्या आईला दिला."

 मुलगा बनारसमध्ये वाढलेला होता. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज भरून आला. "आईला फोन द्या," तो म्हणाला. टेंब्यांनी रिसिव्हर कालिंदीबाईंच्या हातात दिला आणि त्यांना नीट उभं राहता यावं म्हणून स्वतः खोपटाबाहेर जाऊन थांबले.